जातो म्हणायचं नाही

शाळा सुटली की ते फाटकाला पाठ टेकून उभे राहत आणि डोळे मिटून घेत. आम्ही एकामागून एक त्यांच्या उजव्या कानाजवळून बाहेर पडायचं आणि पडताना म्हणायचं, "येतो सर." मुलींनी, "येते सर." तोंडातल्या तोंडात म्हटलेलं चालत नसे. ज्यानं शब्द गिळला त्याच्या दप्तराचा पट्टा मागून धरला जाई, तोही डोळे न उघडता. शेवटचं पोर बाहेर पडलं तरी ते जरा वेळ तसेच थांबत, आत अजून कुणीतरी राहिलंय असं वाटत असल्यासारखे. मग डोळे उघडून रिकाम्या मैदानाकडे एकदा बघत आणि स्टँडची वाट धरत.

हे रोज. पावसात छत्री धरून, उन्हात डोक्यावर रुमाल टाकून. मी त्या शाळेत आठवी ते दहावी होते आणि त्यांची एकही संध्याकाळ चुकल्याचं मला आठवत नाही.

ते आम्हाला इतिहास-भूगोल शिकवत. चुडाव्याला स्टेशनामागे एकटेच राहत आणि तिथून कधी जीपनं, कधी एसटीनं येत. उंच, जरासे वाकलेले, मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट आणि कानात भरघोस केस. सरांनी कानात गहू पेरलेत, असं पोरं म्हणायची. पाठीमागे त्यांचं नाव 'येतो सर'. त्यांना ते माहीत होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर ते लिहून ठेवलं, तर पुसायच्या आधी त्यांनी त्यातला काना नीट केला आणि मगच डस्टर फिरवलं.

आता, निघताना 'येतो' म्हणावं, 'जातो' म्हणू नये, ही काही त्यांनी काढलेली रीत नव्हे. आपल्याकडे घरोघरी म्हातारी माणसं हेच सांगतात. पण घरोघरी ती रीत असते, सरांना तो आजार होता. 'जातो' कानावर पडलं की त्यांचा चेहरा पांढरा व्हायचा. भूगोलाच्या तासालाही सूट नाही. गोदावरी तेलंगणात जात नसे, 'वाहत' असे. मान्सून परत जात नसे, 'माघारी फिरत' असे. उत्तरपत्रिकेत कुणी चुकून 'जाते' लिहिलं, तर त्याखाली लाल रेघ नसायची. तो शब्दच खोडून टाकलेला असायचा, पार कागद फाटेपर्यंत.

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. विद्यार्थ्यांनी आनंदी असावं असा त्या वर्षी वरून हुकूम निघाला होता, म्हणून वर्गात हसऱ्या सूर्याचा तक्ता टांगलेला. साहेबांनी आम्हाला विचारलं, तुम्ही आनंदी आहात का? आम्ही एका सुरात "होऽऽ" म्हणालो. नाही म्हणून सांगतो कुणाला! निघताना साहेब हेडसरांना म्हणाले, "चला, जातो आम्ही." झालं. सर गाडीपुढे जाऊन उभे राहिले. हेडसरांना घाम फुटला.

"साहेब, तेवढं येतो म्हणा," सर हात जोडून म्हणाले, "आन् मग..." पुढचा शब्द त्यांना सापडेना. "मग निघा."

साहेब हसत हसत "येतो बाबा, येतो" म्हणाले आणि गाडीची काच वर केली. आम्ही खिडकीला लटकून बघत होतो. पोट दुखेपर्यंत हसलो.

आमचं हसणं पुढं क्लार्कमामांमुळे थांबलं. मामा शाळेच्या ऑफिसात कारकून होते आणि चेष्टेखोर. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून फाटकापाशी आले आणि सरांना डिवचायला म्हणून मोठ्यानं म्हणाले, "जातो हो सर! आता कायमचाच जातो!" सरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मागं घ्या मामा. शब्द मागं घ्या." मामा खो खो हसत रस्त्याला लागले. पंधरवडा उलटला नाही तोच मामा अंगणात बसल्या जागी गेले. त्यांना बीपी होता, गोळ्या ते खात नव्हते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना पोरं "येतो सर" अशी काही ओरडली, की रस्त्यावर झोपलेली कुत्री उठून बसली.

आणि ती भिंतीवरून उडी मारण्याची गोष्ट. नववीच्या एका पोरानं पैज लावली, मी सरांना न सांगता घरी जाऊन दाखवतो. मधल्या सुट्टीनंतर मागच्या भिंतीवरून पसार झाला. दिवेलागणीला सर त्याच्या दारात हजर. पोराची आई म्हणाली, "या की सर, च्या घ्या." सर उंबऱ्याच्या बाहेरच. पोरगा भाकरीचा तुकडा हातात घेऊन बाहेर आला.

"तू शाळेतून निघाला कुठून?" सरांनी विचारलं. आवाजात राग अजिबात नाही.

"भिताडावरून सर."

"असं का. मला वाटलं तू आजून शाळेतच हायस. तिथं अंधार पडलाय. सगळे वर्ग हुडकून आलो मी तुला. एका वर्गात तर तू बसल्यावानी दिसला बी."

पोराच्या हातातली भाकरी खाली पडली. "येतो सर," तो कसाबसा म्हणाला. "हां. आता आलास घरी," असं म्हणून सर निघून गेले. पोरगं तापानं फणफणलं. पुढं कुणी त्या भिंतीकडे फिरकलं नाही, आणि त्या भिंतीकडच्या वर्गात एकटं बसायला तर अजिबात कुणी तयार होईना.

माझं सांगायचं तर मी गुरवाची पोर. आमच्या घराकडे देवळाची पूजा. देवाला रोज सकाळी घासून-पुसून कपडे घालायचे म्हटल्यावर देवाचीच फारशी भीती राहत नाही, तिथं भुतांची काय कथा. सरांचं हे सगळं मला खूळ वाटायचं. प्रेमळ खूळ, पण खूळच. दहावीच्या वर्षापर्यंत मी तेच म्हणत होते.

दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यात शिवकन्याची आई वारली. शिवकन्या माझ्या बाकावर बसणारी, पालम रस्त्यावरच्या एका लहान गावाहून एसटीनं येणारी. माझ्याइतकीच बडबडी. आईची कावीळ अंगावर काढून काढून वाढली. मोठ्या दवाखान्यात न्यायला जीप दारात आली, तेव्हा आई आत बसता बसता म्हणाली, "येते गं, सांजच्याला." संध्याकाळी काही ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आणली ती झाकून. पोर घाबरेल म्हणून जाणत्या माणसांनी शिवकन्याला शेजाऱ्यांच्या घरात बसवून ठेवलं आणि सगळं उरकल्यावरच बाहेर सोडलं. तिनं आईचं तोंड पाहिलं नाही. रडलीही नाही. "मला रडायला कुनी बोलावलंच न्हाई," असं ती मला नंतर म्हणाली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या संध्याकाळी ती फाटकातून काही न बोलता बाहेर पडली. सरांचा हात पट्ट्याकडे गेला. ती गरकन वळली.

"माझी आई येते म्हनूनच गेली सर. आली का?"

सरांनी डोळे उघडले. हात खाली घेतला. त्या दिवसापासून शिवकन्या मुकाट बाहेर पडायची आणि सर तिला अडवायचे नाहीत. एवढंच, की तिची पाळी आली की ते डोळे उघडे ठेवायचे. मला तेव्हा सरांचा राग आला होता. असा माणूस गप्प बसतो म्हणजे काय? काहीतरी बोलायचं, समजूत घालायची. पण बोलणार काय, तेही मला सुचत नव्हतं.

पोळा झाल्यावर आमची सहल निघाली. सहल म्हणजे लांब कुठं नाही. पालम रस्त्यावर, शिवकन्याच्या गावाच्या अलीकडच्या फाट्यावर एक जुनी बारव आहे. गावकऱ्यांनी आणि कॉलेजच्या मुलांनी मिळून तिचा गाळ काढला होता, झाडंझुडपं तोडली होती, आणि तिचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. सर म्हणाले, इतिहास पुस्तकात कशाला वाचायचा, उतरून बघू.

चारी बाजूंनी पायऱ्या पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या. भिंतीत देवळ्या, पण आतले देव कुणीतरी नेलेले. बाहेर ऊन चटके देत होतं आणि चार पायऱ्या उतरलं की अंगावर काटा येईल असा गारवा. पाणी काळंभोर, हलत नव्हतं. सरांनी दगड दाखवले, बिनचुन्याचा जोड दाखवला, वाटसरू आणि गुरं इथं कशी उतरत ते सांगितलं. छान शिकवलं त्यांनी. शिट्टी झाल्यावर सवयीनं ते सगळ्यांत वरच्या पायरीवर, वाटेच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले.

पहिला पोरगा म्हणाला, "येतो सर!"

आणि खालून बारव म्हणाली, "येतो..."

आम्हाला केवढी मजा वाटली. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली. येतो सर, येतो. येते सर, येते. निम्मा वर्ग बाहेर पडला असेल, तोवर हसणं आपोआप थांबलं. कारण पोरं वेगवेगळी होती, पण खालून येणारा आवाज एकाच गळ्यातून यायला लागला होता. जड, ओलसर, बाईमाणसाचा वाटणारा. रांगेत मी शेवटची होते. मी म्हटलं, बारवेनं म्हटलं, आणि सगळं गप्प झालं.

मग खालून आणखी एकदा आवाज आला. "येते."

सरांनी खाडकन डोळे उघडले. "कोण राहिलं?"

शिवकन्या खालच्या कोरड्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून उभी होती. जूनपासून जो शब्द तिनं तोंडातून काढला नव्हता, तो तिनं सरांना नाही, पाण्याला सांगितला होता. आणि पाण्यानं तो तिला परत दिला. "येते..."

ती वळली तेव्हा हसत होती. त्या वर्षात तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

घरी मी बाबांना सगळं सांगितलं, तर देवळातलं निर्माल्य गोळा करता करता ते तसेच थांबले.

"बारवंला येतो म्हनलात? समद्यांनी?"

"सरांना म्हणालो. बारवेला नाही."

"ऐकलं कुनी? सुतकाच्या घरातून निगताना येतो म्हनत न्हाईत. मसनवट्यातून निगताना म्हनत न्हाईत. येतो म्हनलं की वायदा झाला. मास्तर इतका शहाना, त्याला हे कसं उमगलं न्हाई?"

"बाबा, तो नुसता प्रतिध्वनी होता."

"आसंल. पर वायदा वायदाच," असं म्हणून त्यांनी मला पाय धुऊन यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यापासून शिवकन्या शाळेत उशिरा यायला लागली. तिच्या गावची एसटी वेळेवर यायची, तिच्या गावची पोरं उतरायची, ही नाही. मग दुसऱ्या तासाला कुठल्यातरी जीपनं यायची. एक दिवस मधल्या सुट्टीत मी तिला धरलंच.

"मी फाट्यावर उतरते," ती म्हणाली. "आईला भेटून येते."

"शिवे, तो आपलाच आवाज असतोय गं."

"मला काय येडी समजायलीस का? आवाज आपलाच असतो. पर बोलती ती. मी म्हनते येते, ती म्हनती येते. जीपमधी म्हनली तसंच म्हनती. निस्ता पुढचा 'गं' म्हनत न्हाई." मग तिनं आवाज खाली आणला. "वरून पुसट ऐकू येतंय. जितकं खाली जावं तितकं साफ यायलंय. म्हनायली येते येते, पर येईना. मला वाटायलंय, मलाच जावं लागतंय आता."

मी खाली पाहिलं. तिची सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती.

मी तशीच उठले आणि सरांकडे गेले. तिनं मागून हाक मारली, शपथ घातली, तरी गेले. चहाडी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. तिला परत बघायला मिळणार नाही अशी भीती वाटत होती मला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. हातातला खडू त्यांनी टेबलावर ठेवला, तो घरंगळत खाली पडला तरी उचलला नाही. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "शब्द शिकवला, पर तो कुठं म्हणायचा न्हाई ते शिकवलं न्हाई." मग ते झपाझप कामाला लागले. हेडसरांशी बोलले. शिवकन्याच्या वडिलांना फोन लावला. ते सोयाबीन काढायला गेले होते, म्हणाले, "सर तुमीच बगा. मला तिच्यासंग बोलायलाच होईना." पुढं वडिलांना सोबत घेऊन तिला परभणीला डॉक्टरांकडेही दाखवलं, औषधं झाली, ते सगळं रीतसर झालंच. पण त्या दुपारी सर, ती आणि सोबतीला मी, असे आम्ही एसटीनं फाट्यावर उतरलो.

भर दुपार होती, तरी बारवेत संध्याकाळ झाल्यासारखी वाटत होती. शिवकन्या सराईत पावलांनी भराभर उतरली. पाणी आलं तरी थांबेना, तेव्हा सर मोठ्यानं म्हणाले, "बास. त्याच्या खाली न्हाई." ती थांबली. आम्ही तिच्यापाशी पोचलो. सरांनी तिचा हात घट्ट धरला.

"बाळा, आज तिला दुसरं सांगायचं. जाते म्हण."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तीन वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"न्हाई म्हननार."

"म्हण बाळा."

"तुमीच सांगता न सर? जाते म्हनलं की मानूस माघारी येत न्हाई. मंग मपल्या आईला कामून पाठवायलात?"

सर पायरीवर बसले. पँट भिजली तरी त्यांना कळलं नाही. पाण्याकडे बघत ते बोलले, आमच्याशी नव्हेच.

"मला एक पोरगा होता. तुमच्याएवढा. कशावरून तरी भांडला माझ्याशी. दारातून म्हणाला, जातो मी. मी पेपर वाचत होतो. मान बी वर केली न्हाई. मी म्हणालो, जा. रूळ ओलांडताना गाडी आली. तवापासून मी फाटकावर कान लावून उभा ऱ्हातो. वाटतं, एखाद्या दिवशी तुमच्यात येईल आन् शब्द मागं घेईल."

शाळा सुटल्यावर, सगळी पोरं गेल्यावर, ते कुणासाठी थांबत होते ते मला तेव्हा कळलं. मला रडू फुटलं. शिवकन्याचे डोळे मात्र कोरडेच.

"मंग तुमी आदी म्हना," ती म्हणाली. "मी एकली न्हाई म्हननार."

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ते आता उठून पळतील असं मला वाटलं. ते भिंतीला धरून उभे राहिले. दोनदा तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. मग तो फुटला.

"जातो!"

आणि खालून आलं, "जातो..."

मी आजही सांगते, तो आवाज सरांचा नव्हता. मिसरूड फुटायच्या वयातल्या पोराचा असतो तसा, मध्येच चिरकणारा होता. सरांनी कपाळ भिंतीच्या दगडाला टेकवलं. मग ते अगदी हळू, बारवेला ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हणाले, "जा बाळा."

शिवकन्या त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं पाण्याकडे तोंड केलं. सरांचा हात तिनं सोडला नव्हता, उलट दुसऱ्या हातानंही धरला.

"जाते," ती म्हणाली.

"जाते गं..."

हो, 'गं'. मी देवाच्या दारात वाढलेली पोर, खोटं कशाला बोलू? मला ऐकू आला. आता मी पाथरीला नोकरीला असते, चारचौघांत हे सांगितलं तर लोक हसतात आणि मी त्यांना हसू देते. सरांना आला का, ते मी विचारलं नाही. शिवकन्याला विचारायची गरजच पडली नाही. तिनं जो हंबरडा फोडला, त्यानं बारव नुसती भरून गेली. वरून, खालून, चारी भिंतींतून रडणं येत होतं. त्यातलं तिचं कुठलं, ते कळेना.

"वर चला," सर म्हणाले. "मागं बघू नका."

आम्ही मागं पाहिलं नाही. पाठीमागे पाणी पायरीवर आपटल्याचा आवाज झाला, तरी पाहिलं नाही.

तिला घरी सोडायचं होतं म्हणून आम्ही तिच्याच गावाकडे जाणारी एसटी धरली. गाडीत ती खिडकीशी बसून मोठमोठ्यानं रडत होती, लहान पोर रडतं तशी, श्वास अडकेपर्यंत. पुढची माणसं वळून वळून बघायला लागली. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला आणि वाकून हळूच म्हणाला, "काय झालं हो गुरुजी लेकराला?"

"आई वारली तिची," सर म्हणाले.

"आरारा! कवा?"

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आत्ताच," ते म्हणाले.

तिच्या खिडकीची काच अडकून बसली होती. दोन्ही हातांनी जोर लावून कंडक्टरनं ती उघडली, वारा आत आला, आणि मग तो मागच्या बाकांकडे वळला.